मुरमांचे वण: आधी खड्डा ओळखा, मग उपचार निवडा

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक खड्डे. तिच्या पिढीत ते इतके सर्रास होते की 'ओळखीची खूण' या रकान्यात लोक सरळ 'तोंडावर देवीचे वण' असं लिहीत. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, आणि 'वण' हा शब्दही हळूहळू आपल्या बोलण्यातून मागे पडला. सतराव्या वर्षी माझ्या गालांवर मुरमांनी खड्डे पडायला लागले तेव्हा आजीने बोटाच्या टोकाने गाल चाचपला आणि म्हणाली, "अगं, हे डाग नव्हेत, वण आहेत. डाग जातो, वण राहतो."

तिचं पहिलं वाक्य मला कळायला सहा वर्षं लागली. तोवर मी डाग घालवायच्या क्रीमवर पैसे घालत होते आणि माझ्या गालांवर होते खड्डे. तिचं दुसरं वाक्य मात्र आज तितकंसं खरं राहिलेलं नाही. वण पूर्ण जात नाही, पण बराच भरून येतो. अट एकच, कोणता वण आहे ते आधी नीट ओळखायचं. माझी सहा वर्षं गेली तशी कुणाची जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: डाग की वण?

रात्री खोलीतला दिवा बंद करा, आरशासमोर उभं राहा आणि मोबाईलचा टॉर्च गालाच्या बाजूने, कानाजवळून धरा. समोरून नको. समोरच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. बाजूच्या उजेडात जिथे सावली पडते तिथे खड्डा आहे. सावली पडत नाही, फक्त रंग वेगळा दिसतो, तो डाग.

डागांचेही दोन प्रकार. तपकिरी किंवा काळपट डाग म्हणजे मुरमाच्या जागी जास्तीचं रंगद्रव्य साठलेलं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर हेच जास्त. लालसर किंवा जांभळट डाग म्हणजे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अजून फुगलेल्या. फरक कळत नसेल तर पारदर्शक काचेचा ग्लास डागावर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. डाग नाहीसा झाल्यासारखा दिसला तर तो लाल प्रकारातला, तसाच राहिला तर काळपट.

डाग बहुतेक वेळा आपसूक फिके होतात, मात्र त्याला काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतात. त्यांना मदत करता येते ती अशी: रोज सकाळी सनस्क्रीन, आणि रात्री अॅझेलाइक अॅसिड, नायसिनामाइड किंवा अॅडापॅलिन या वरून लावायच्या औषधांपैकी तुमच्या कातडीला सोसेल ते. काळपट डागांना उन्हाइतकाच डोळ्यांना दिसणारा उजेडही त्रास देतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा जास्त उपयोगी पडतं. हायड्रोक्विनोन हे औषध डाग नक्की फिकं करतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आणि महिनोन्महिने लावायचं नाही. फार काळ लावल्याने कातडी निळसर-काळी पडते आणि ती मग जाता जात नाही.

एवढं करून डाग फिके झाले आणि टॉर्चच्या उजेडात सावली पडत नसेल, तर तुमचं काम इथेच झालं. पुढचं सगळं सावली पडणाऱ्यांसाठी.

खड्डा पडतो कसा

मुरूम वरवर दिसतो, पण त्याचं मूळ केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीत असतं. तिचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, जंतू वाढतात आणि सूज येते. सूज वरच्या थरातच राहिली तर डागावर भागतं. पण त्या नळीची भिंत आत, खोल फुटली तर शरीर तिथे लढायला जे पाठवतं, त्यातले काही घटक आजूबाजूचं कोलॅजनही खाऊन टाकतात. कोलॅजन म्हणजे कातडीचा सांगाडा, घराच्या स्लॅबमधल्या सळयांसारखा. जखम भरते तेव्हा त्या सळया कमी पडल्या तर वरचा भाग खचतो आणि खड्डा होतो. उलट शरीराने भरताना गरजेपेक्षा जास्त सळया घातल्या तर उंचवटा येतो. चेहऱ्यावर बहुतेकांना खड्डेच पडतात. छाती, खांदे, पाठ आणि जबड्याची कड या जागी उंचवट्यांचं प्रमाण जास्त.

म्हणूनच वरून चोळलेलं क्रीम खड्डा भरत नाही. खचलेली जागा खाली आहे.

दुसरी पायरी: कोणता खड्डा?

२००१ मध्ये खड्ड्यांची तीन प्रकारांत विभागणी मांडली गेली आणि आजही डॉक्टर तीच वापरतात. इंग्रजी नावं तुम्हाला दवाखान्यात ऐकायला मिळतीलच, पण आधी स्वतःच्या गालावर ओळखून घ्या.

आइसपिक: दाभणाने टोचल्यासारखं भोक. तोंड दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पण खाली निमुळतं होत खोल गेलेलं. लांबून ते मोठ्या रंध्रासारखं वाटतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर आणि कपाळावर हे जास्त सापडतं. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच, आणि क्रीम, फेशियल, साध्या लेझरला सर्वांत कमी दाद देणाराही हाच.

बॉक्सकार: दीड ते चार मिलिमीटर रुंद, कडा उभ्या, तळ सपाट. कांजिण्यांचा खड्डा असतो तसा. काही उथळ, काही खोल.

रोलिंग: चार-पाच मिलिमीटरपेक्षा रुंद, कडा नसलेला, लाटांसारखा खोलगटपणा. इथे कातडी खालच्या थराला तंतूंनी बांधली गेलेली असते. उशीला मधेच टाका घालून ओढल्यावर खळी पडते, अगदी तसं. म्हातारपणी गाल सैल पडले की हे वण जास्त उठून दिसतात.

आता बोटांनी गालाची कातडी हलकेच दोन्हीकडे ताणा. ताणल्यावर खड्डा सपाट होतो का? रोलिंग बहुधा होतो. खोल बॉक्सकार आणि आइसपिक होत नाही. वणांची तीव्रता ठरवताना डॉक्टरही हीच परीक्षा घेतात: साधारण ५० सेंटिमीटरवरून, म्हणजे दोन माणसं बोलायला उभी राहतात तेवढ्या अंतरावरून, खड्डे दिसत नसतील तर सौम्य. दिसतात पण ताणल्यावर जातात तर मध्यम. ताणूनही जात नाहीत तर तीव्र.

बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. माझ्या डाव्या गालावर खाली रोलिंग आणि वर आइसपिक होते, उजव्यावर दोन बॉक्सकार. एका कागदावर चेहऱ्याचा आकार काढा आणि कुठे काय ते खुणा करून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.

तिसरी पायरी: आधी मुरूम थांबवा

ही पायरी कुणालाच आवडत नाही, मलाही आवडली नव्हती. पण गालावर नवे मुरूम येत असताना जुने खड्डे भरणं म्हणजे पावसात रस्ता डांबरून काढणं. आणि मुरमांवर नीट औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितके खड्डे जास्त. घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल आणि त्याला दुखरे, खोल, गाठीसारखे मुरूम येत असतील तर "वयाचं आहे, जाईल" म्हणून थांबू नका. मुरूम जाईल. खड्डा राहील.

सुरुवातीला लावायची दोन औषधं जवळजवळ सगळीकडे सारखीच: रात्री अॅडापॅलिन, आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं पुरतं. नुसतं मुरमावर टिपायचं नाही, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू रोज. कातडी कोरडी पडते, थोडी सोलवटते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचे रंग उडतात, तेव्हा पांढरे वापरा. अॅडापॅलिनने नवे खड्डे कमी पडतात, उथळ जुन्यांतही काही महिन्यांनी थोडा फरक दिसतो. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर अॅडापॅलिन नको, त्याऐवजी अॅझेलाइक अॅसिड चालतं.

गाठींचे मुरूम याने आवरत नाहीत. त्यांना आयसोट्रेटिनॉइनची गोळी लागू शकते. ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने, रक्ततपासणी करून. बायकांसाठी सर्वांत महत्त्वाचं: या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येतं. सुरू करण्याआधी महिनाभर, चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत.

मासिक पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने मुरूम असं एकत्र असेल तर पीसीओएसची (बायकांमधल्या संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. केसांना चोपडून तेल लावायची सवय असेल आणि मुरूम कपाळावरच जास्त असतील, तर महिनाभर तेल बंद करून बघा. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन आणि बी-१२ ची इंजेक्शनं घेत असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावं, दोन्हींनी मुरूम वाढू शकतात.

आता घरगुती उपाय. जायफळ दुधात उगाळून लावणं आपल्याकडे घरोघरी आहे. मीही वर्षभर लावलं. त्याने खड्डा भरत नाही, आणि खरखरीत लेप चोळला तर सुजलेला मुरूम आणखी चिडतो. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि महिनोन्महिने न जाणारे काळे पट्टे उठतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, तुरटी, हे सगळं त्याच यादीतलं. हळद-बेसन बिचारं निरुपद्रवी, पण त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र माझं ज्याने केलं ते घरातलं नव्हतं. कॉलेजात असताना औषधाच्या दुकानात "मुरमांवर काहीतरी द्या" म्हटलं आणि त्यांनी एक ट्यूब दिली. आठ दिवसांत गाल गोरे, गुळगुळीत. मी दोन वर्षं ती लावली. लावणं थांबवलं की दोन दिवसांत चेहरा लालभडक, आग, आणि पूर्वीच्या दुप्पट मुरूम, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. तिच्यात स्टेरॉईड होतं. माझ्या गालावरच्या खोल खड्ड्यांपैकी निम्मे तरी त्या दोन वर्षांतले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी कुठलीही ट्यूब घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं आणि ती कुणा त्वचारोगतज्ज्ञाने तुमच्यासाठी लिहून दिलेली नसेल, तर ती चेहऱ्याला लावू नका. आधीच महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. ती सोडवण्याचीही पद्धत असते.

चौथी पायरी: डॉक्टर

सुया, आम्ल, लेझर हे पार्लरचं काम नाही. डॉक्टरांच्या नावापुढे एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही ही त्वचारोगातली पदवी किंवा पदविका आहे का ते बघा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हा शब्द एकटा पुरेसा नाही. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग असतो: मुंबईत केईएम, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी. रांग लांब असते, सकाळचा दिवस मोडावा लागतो. तरी सबसिजन आणि टीसीए (हे दोन उपचार पुढच्या पायरीत येतील) यांना महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो सरावलेला हात. कोणत्या प्रक्रिया तिथे होतात ते ओपीडीत चौकशी करून घ्या.

पहिल्या भेटीत मेकअप न करता जा. या गोष्टी स्वतःहून सांगा: गेल्या वर्षभरात आयसोट्रेटिनॉइन घेतलं का. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात का (येत असतील तर लेझरआधी गोळ्या देतात, नाहीतर ते फोड चेहराभर पसरू शकतात). कान टोचलेल्या जागी किंवा लसीच्या जागी कधी गाठ वाढली होती का. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का. पूर्वी आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर सहा महिने काहीच करू नका असं सरसकट सांगत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्याही तज्ज्ञांनी आधीच्या नोंदी तपासून बहुतेक प्रक्रियांसाठी ही अट सैल केली. पूर्ण थर जाळणारं लेझर आणि कातडी घासून काढणारी शस्त्रक्रिया यांसाठी थांबणं अजून योग्य मानतात.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या चेहऱ्यावर कोणत्या प्रकारचे वण आहेत आणि कोणत्या वणाला तुम्ही काय करणार?" उत्तर वण न बघताच "लेझरच्या सहा सिटिंग" असं आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चांगल्या उपचारांनी साधारण निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत फरक पडतो. शंभर टक्क्यांचं आश्वासन मिळालं तर तिथे पैसे भरू नका.

पाचवी पायरी: ज्या वणाला जे लागतं ते

*आइसपिकसाठी टीसीए क्रॉस.* ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड ६५ ते १०० टक्के तीव्रतेचं घेतात आणि टोक काढलेल्या लाकडी काडीने फक्त भोकाच्या तळाला टेकवतात. ही पद्धत २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. काडी टेकवली की काही सेकंदांत तो ठिपका पांढराशुभ्र होतो, मिठाचा खडा बसवल्यासारखा. मुंगी चावल्यासारखी चुणचुण होते, एक-दोन मिनिटांत थांबते. मग खपली धरते आणि आठवडाभरात पडते. आतल्या भिंती दुखावल्याने नवं कोलॅजन तयार होतं आणि भोक तळापासून वर येत जातं. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा करावं लागतं. हे आम्ल ऑनलाइन मिळतं आणि घरी करून बघणाऱ्यांचे व्हिडिओही आहेत. कृपा करून करू नका. थेंब कडेला ओघळला तर भोक रुंद होतं, आणि आपल्या कातडीवर त्याभोवती काळं कडं उठतं.

खूप खोल किंवा रुंद तोंडाच्या भोकाला पंच करतात: गोल धारेच्या बारीक नळीने तेवढाच वण कापून काढतात आणि वर टाका घालतात. तळाची कातडी चांगली असलेला खोल बॉक्सकार असेल तर तळ कापून वर उचलतात आणि कडेच्या पातळीला आणून बसवतात.

*रोलिंगसाठी सबसिजन.* माझ्यासाठी सर्वांत जास्त फरक यानेच पडला. ऑरेंट्राइक पितापुत्र डॉक्टरांनी १९९५ मध्ये याला नाव आणि पद्धत दिली. जागा बधिर करून सुई किंवा बोथट टोकाची कॅन्युला कातडीखाली आडवी सरकवतात आणि वणाला खाली बांधून ठेवणारे तंतू तोडतात. दुखत नाही, पण आवाज येतो. हाडातून कानाशी पोचलेला करकर आवाज, गोणपाटाचे धागे तुटावेत तसा. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरून हात धरला होता. तुम्ही घाबरू नका, तो आवाज म्हणजे तंतू सुटतायत. नंतर गाल सुजतो, काळानिळा होतो आणि ते उतरायला आठवडा ते दोन आठवडे जातात. काहींना आत छोट्या गाठी लागतात, त्या बहुतेक विरतात. ऑफिस असेल तर शुक्रवार निवडा, आणि तरी सोमवारी लोक विचारतील हे धरून चाला. कानशिलाजवळ आणि जबड्याच्या कडेला चेहरा हलवणाऱ्या नसा कातडीच्या जवळून जातात, म्हणून हे काम अनुभवी हातानेच.

*एकंदर पृष्ठभाग आणि उथळ बॉक्सकारसाठी मायक्रोनीडलिंग, एमएनआरएफ, लेझर.* मायक्रोनीडलिंगमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या बारीक सुयांनी असंख्य छिद्रं पाडतात आणि कातडी ती भरताना कोलॅजन बनवते. आधी पाऊण ते एक तास बधिर करणारं क्रीम लावून बसावं लागतं. एक-दोन दिवस चेहरा उन्हात पोळल्यासारखा लाल. महिना-दीड महिन्याच्या अंतराने चार ते सहा सिटिंग. एमएनआरएफमध्ये (मायक्रोनीडल रेडिओफ्रिक्वेन्सी) सुयांच्या टोकांतून आत उष्णताही देतात, म्हणून कोलॅजन जास्त घट्ट होतं आणि वरचा थर फारसा पोळत नाही. सावळ्या कातडीसाठी हे जास्त सुरक्षित. ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती रोलरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतच नाहीत, आणि नीट निर्जंतुक न झालेला रोलर मुरमांतले जंतू चेहराभर पेरतो.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर खोल जातो आणि परिणामही चांगला देतो. पण आपल्या कातडीत लेझरनंतर काळे डाग उठण्याचा धोका खरा आहे. म्हणून डॉक्टरांनी आधी दोन-चार आठवडे सनस्क्रीन आणि क्रीम लावून कातडी तयार करावी, ताकद आणि ठिपक्यांची दाटी कमी ठेवावी, शक्य असेल तर आधी कानाजवळ छोट्या जागेवर करून बघावं. ऊन टाळता येणार नसेल, शेतावर, साइटवर किंवा डिलिव्हरीचं काम असेल, तर एप्रिल-मेमध्ये लेझर नको. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत किंवा थंडीत घ्या.

केमिकल पीलने, म्हणजे आम्ल लावून वरचा थर सोलवटण्याने, डाग उजळतात, अगदी उथळ वण थोडे सुधारतात. खोल खड्ड्याला पीलचा उपयोग नाही. तुमच्याच रक्तातली पीआरपी (प्लेटलेट्सचं प्रमाण वाढवलेला रक्तद्रव) मायक्रोनीडलिंगबरोबर देतात, ती जोडीला ठीक, एकटी पुरत नाही. मऊ, ताणल्यावर सपाट होणाऱ्या खड्ड्यात हायलुरॉनिक अॅसिडचं फिलर भरता येतं. फरक लगेच दिसतो, पण टिकतो काही महिने ते वर्ष-दीड वर्ष.

क्रम साधारण असा लागतो: आधी सबसिजनने बांधलेले वण सोडवायचे, जोडीला आइसपिकवर टीसीए, मग पृष्ठभागासाठी एमएनआरएफ किंवा लेझर. सगळं मिळून नऊ महिने ते दीड वर्ष. कोलॅजन बनायला वेळ लागतो. एका सिटिंगचा पूर्ण परिणाम तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. दोन सिटिंगनंतर "काहीच झालं नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ. त्यासाठी दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, बाजूच्या उजेडात, कुठलाही फिल्टर न लावता फोटो काढा. आरसा रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही.

*उंचवट्यांसाठी वेगळाच रस्ता.* छातीवरच्या किंवा जबड्यावरच्या उंच वणावर खड्ड्यांचे उपचार केले तर तो आणखी वाढू शकतो. त्याला ट्रायमसिनोलोनची इंजेक्शनं थेट वणात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि सिलिकॉनची पट्टी दिवसातले बारा तास किंवा जास्त, महिनोन्महिने. मूळ जखमेच्या बाहेर पसरणारा असेल तर तो केलॉइड, तो नुसता कापून टाकू नका. कापल्यावर बहुधा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

सिटिंगनंतर घरी

लेझरनंतर तीन-चार दिवस लाली आणि सूज, मग बारीक करड्या खपल्या. हाताला वाळूच्या कागदासारखं लागतं. खपली उकरायची नाही. उकरलेल्या प्रत्येक खपलीच्या जागी डाग ठरलेला. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुणं, टिपून कोरडं करणं आणि व्हॅसलिनसारखं साधं मलम लावणं. बास. अॅडापॅलिन, व्हिटॅमिन सी, स्क्रब, वाफ, फेशियल हे डॉक्टर सांगतील तोवर बंद. व्यायाम आणि घाम दोन-चार दिवस नको.

खपल्या पडल्या की त्या दिवसापासून सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघांएवढं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. पुण्याच्या मुली दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात ते चांगलंच, पण तो सुती असू द्या आणि रोज धुवा. घामट स्कार्फ गालावर घासत राहिला तर त्यानेच मुरूम येतात.

वाढती वेदना, पिवळा पू, ताप, किंवा पाण्याच्या बारीक फोडांचे पुंजके दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

लग्न ठरलं असेल तर

मला सर्वांत जास्त विचारलं जातं ते हेच: "ताई, दोन महिन्यांनी लग्न आहे, होईल का?" दोन महिन्यांत खड्डे भरत नाहीत. वर्षभर हातात असेल तर पहिले तीन महिने मुरूम आवरायला, पुढचे सहा-सात महिने सबसिजन, टीसीए आणि सुयांना द्या. शेवटची मोठी प्रक्रिया लग्नाच्या निदान दोन महिने आधी संपलेली असावी, म्हणजे एखादा काळा डाग उठलाच तरी तो फिका व्हायला वेळ मिळतो. दोनच महिने असतील तर लेझरच्या वाटेला जाऊ नका. डाग हलके करा, मुरूम आवरा, आणि फारच खुपत असेल तर एक-दोन मऊ खड्ड्यांत फिलर लग्नाच्या महिनाभर आधी. हळदीच्या आदल्या आठवड्यात नवं काहीही लावायचं नाही, कुणा मावशीने आणलेला लेपसुद्धा नाही. हळदीच्या दिवशी चेहऱ्याला पातळ हात लावायला सांगा, चोळू देऊ नका, आणि फोटो झाले की लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका.